हॉल तिकिटावरचा चेहरा

"अहो, या मुलीच्या गालावर चट्टा होता ना?"

सुनंदा, म्हणजे माझी बायको, कॉम्प्युटरसमोर बसून कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवत होती. कार्ड भरत आलं की आम्ही मूळ फोटो उतरवून घेतो आणि कार्ड फॉरमॅट करतो, म्हणजे पुसून रिकामं करतो. मी काउंटरवर एका गृहस्थांचे फोटो कापत होतो. मान वर न करताच विचारलं, "कुठल्या मुलीच्या?"

"त्यांचं होऊ दे. मग इकडे या."

तिच्या बोलण्यात नेहमीचा तिरकसपणा नव्हता. तेवढ्यानंच मला धास्ती वाटली.

स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडचा कॅमेऱ्यातला, जसा काढला तसा. उजवीकडचा आमच्या सॉफ्टवेअरमधून तयार होऊन गिऱ्हाइकाला दिलेला. डावीकडच्या मुलीच्या डोळ्याखालून थेट जबड्यापर्यंत जन्मापासूनचा तांबूस चट्टा होता. उजवीकडे गाल स्वच्छ. शिवाय हनुवटी निमुळती झाली होती आणि डोळे किंचित मोठे. कुर्ता तोच, केसांतली क्लिप तीच. तिची बहीण म्हणून तो चेहरा खपला असता. ती स्वतः म्हणून नाही.

"फॉर्मचा फोटो आहे हा," सुनंदा म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझा फोटो स्टुडिओ कसबा पेठेत आहे. लग्नाच्या ऑर्डरी असतात, पण रोजचं काम फॉर्मच्या फोटोंचं. भरती परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली आजूबाजूच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहतात. ऑनलाइन फॉर्म भरताना ती आमच्याकडून फोटो काढून घेतात. तोच फोटो पुढे हॉल तिकिटावर छापून येतो. परीक्षेच्या दिवशी गेटवर तो फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघतात. एकाच्या नावावर दुसरा कोणी पेपर द्यायला बसू नये, म्हणून. त्यामुळे नियम असा की फोटो अलीकडचा हवा आणि त्यात चेहऱ्याला हात लावलेला नको. मी अर्धं आयुष्य या धंद्यात काढलं आहे. हा नियम मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी हे झालं कसं, तेही सांगायला हवं.

आमच्याकडे आधी एक ऑपरेटर होता. तो सगळं काम मोठ्या, प्रोफेशनल सॉफ्टवेअरवर करायचा. त्याला हिंजवडीला नोकरी लागली आणि खुर्ची रिकामी झाली. सुनंदानं बालवाडीतली नोकरी नुकतीच सोडली होती. ती म्हणाली, मी बसते. मी तिला मोठं सॉफ्टवेअर शिकवायला घेतलं. लेअर म्हणजे काय, ते सांगितलं. मूळ फोटोवर पारदर्शक कागद ठेवला आहे असं समजायचं. जे काही करायचं ते कागदावर करायचं. कागद उचलला की खाली मूळ फोटो जसाच्या तसा. तिला ते समजलं, पण पुढची मेनूंची रांग बघून ती वैतागली.

"मला चार कांदे चिरायचेत," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं केलंय."

मग मी नवशिक्यांना जमेल असं काहीतरी शोधायला लागलो. एक फुकटातलं बघितलं, त्यात मीच हरवलो. मोबाइलवरचं एक ॲप दिसायला गोड होतं, पण फॉर्मला लागतं तसं फोटोचं माप आणि फाइलचं केबीतलं वजन त्यात जमेना. शेवटी एक मिळालं. फोटो आत टाकायचा, 'पासपोर्ट' असं मोठं बटण दाबायचं. क्रॉप, पांढरी बॅकग्राउंड, उजेड, फाइलचं वजन, सगळं आपोआप. चहा निवायच्या आत सुनंदा ते शिकली. मी स्वतःवर खूष झालो.

सेटिंगच्या पानावर 'पोर्ट्रेट टच-अप' नावाची एक ओळ होती. पुढे आधीपासूनच टिक केलेली. म्हणजे आपण काही सांगितलं नाही तरी सॉफ्टवेअर प्रत्येक चेहरा गुळगुळीत करणार. ती टिक मी पाहिली होती. माउस तिच्यावर नेलाही होता. तेवढ्यात काउंटरपलीकडून स्क्रीनकडे बघणारी एक मुलगी म्हणाली, "काका, काय मस्त आलाय!" आणि तिनं मैत्रिणीला हाक मारली. मी माउस बाजूला घेतला.

एवढंच. कोणी बळजबरी केली नाही, घाई नव्हती, चुकून राहिलं असंही नाही. मुलामुलींच्या मेसमध्ये आमचं नाव होऊ लागलं की तिथं फोटो छान येतो. मी ते होऊ दिलं. त्या टिकचा अर्थ मी सुनंदाला सांगितलाच नव्हता.

"म्हणजे हे सॉफ्टवेअरनं केलं?" आता ती विचारत होती.

"हो. आपोआप होतं ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"थोडंफार."

"थोडंफार म्हणजे किती? या चट्ट्याएवढं?"

तिला ती मुलगी चांगली आठवत होती. अश्विनी लांजेवार, भंडाऱ्याकडची. फोटो तयार होईपर्यंत स्टुलावर बसून सुनंदाशी गप्पा मारत होती. वयाची अट संपत आली होती तिची. "ही शेवटची परीक्षा जी माझी. मग वय बसत नाही," असं म्हणाली होती. परीक्षा येत्या रविवारी होती. आम्ही हे बोलत होतो तो शुक्रवार.

सुनंदानं कार्डाकडे बोट दाखवलं. "मला हे फॉरमॅट करायचं होतं. करू?"

ती मला जोखत होती की खरंच विचारत होती, मला अजूनही माहीत नाही. पण मी लगेच नाही म्हणालो नाही, हे लिहायलाच हवं. कार्ड पुसलं आणि हार्ड डिस्कवरची फाइल काढली की मूळ फोटो जगात कुठेच उरणार नव्हता. उद्या कोणी विचारायला आलं तर सांगता आलं असतं की मुलीनं मोबाइलवरून आणला तसा फोटो आम्ही छापून दिला. डमी उमेदवारांच्या प्रकरणात पोलीस येतात, दुकानं सील होतात, हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी एका अनोळखी मुलीला खोटं पाडायच्या तयारीत होतो आणि माझ्या चेहऱ्यावर ते दिसत असणार, कारण सुनंदानं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "माझ्याकडून चुकून पुसलं गेलं असं व्हायला नको."

अश्विनीचा फोन बंद होता. तयार फोटो आम्ही तिला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, म्हणून मी तिथं मेसेज करायला गेलो. तिच्या नावापुढे तोच फोटो होता. स्वच्छ गालाचा. तिनं तो डीपी म्हणून लावला होता.

ती कुठल्या अभ्यासिकेत बसते ते सुनंदाला सांगून गेली होती. मी चालत निघालो. मंडईजवळची ती गर्दी मी नेहमी शिव्या देत पार करतो. त्या दिवशी कोणाचा धक्का लागला तरी मीच माफी मागत होतो.

अभ्यासिकेच्या जिन्यात ती खाली आली. स्कार्फ चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. मला बघून म्हणाली, "काका? काही पैसे राहिले का जी?"

"नाही. तुझ्या फोटोत गडबड झाली आहे." मी एका दमात सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी पाहिला होता."

"काय?"

"फोटो. दुकानातून खाली उतरल्याबरोबर पाहिला."

"मग परत का नाही आलीस?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलं. मला बरं वाटावं म्हणून. काकूंनी सांगितलं असेल, असं वाटलं. माझ्या आईनंसुद्धा कधी असा विचार केला नव्हता. मग तुम्हाला परत येऊन काढा म्हणायचं कसं?"

इथं मी गप्प बसू शकलो असतो. तिचा समज चांगला होता आणि तो मोडून तिला काही मिळणार नव्हतं. पण पुढे हे सगळं कोणासमोर तरी खरं सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "मुद्दाम नाही केलं. सॉफ्टवेअर सगळ्यांनाच तसं करतं. मी ते बंद केलं नाही."

"सगळ्यांनाच?"

"हो."

"असं का," ती म्हणाली. तिनं स्कार्फ पुन्हा नीट केला. मग तिचा आवाज बदलला. "काका, गेटवर घेतील ना मला?"

मला माहीत नव्हतं. फॉर्ममध्ये दुरुस्ती करायची मुदत संपली होती. तिथंच जिन्यात बसून आम्ही हेल्पलाइनला फोन लावले. शेवटी लागला तेव्हा ईमेल करायला सांगितलं. ईमेल केला. तक्रार नोंदवून घेतल्याचं उत्तर आलं, तेही मशीनकडूनच. तिचं आधार कार्ड बघितलं. त्यातला फोटो इतका काळा होता की तिथं मीही खपलो असतो. मी तसं म्हणालो तेव्हा ती हसली, आणि लगेच रडली.

शनिवारी मी स्टुडिओच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. सुनंदानं वाचलं.

"'तांत्रिक चुकीमुळे' लिहिलंय तुम्ही."

"मग काय लिहू?"

"तंत्राला फासावर देणारेत का? तुमचं नाव लिहा."

मी पत्र फाडलं. नवं लिहिलं. सॉफ्टवेअरमधला टच-अप माझ्या निर्णयामुळे चालू राहिला, उमेदवारानं तो मागितला नव्हता, मूळ फोटो सोबत आहे. खाली सही केली, शिक्का मारला. तो दोनदा उमटला.

परीक्षेचं केंद्र वाघोलीच्या पुढे एका कॉलेजात होतं. रविवारी सकाळी अश्विनीला स्कूटरवर मागे बसवून निघालो. गळ्यात कॅमेरा, आत तेच कार्ड, खिशात पत्र. एका सिग्नलला तिनं विचारलं, "हे पत्र दाखवल्यावर मलाच पकडलं तर?"

हीच भीती मला दोन दिवस खात होती. फोटो बदलला असं मी सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं, म्हणजे हॉल तिकीट खोटं, चला बाहेर. पत्र न दाखवता ती आत गेली तर कदाचित कोणी बघणारही नाही. मी तिला म्हणालो, "तू ठरव. आधी तशीच जाऊन बघ. अडवलं तर मी आहे." खरं तर ठरवायचं ओझं मी तिच्यावर टाकलं. ते तेव्हा कळलं नाही.

तिनं गेटवर स्कार्फ सोडला. तपासणाऱ्या बाईंनी हॉल तिकीट बघितलं, तिला बघितलं, पुन्हा तिकीट बघितलं. "ही तुम्हीच?" असं विचारलेलं मला गेटसमोर बांधलेल्या दोरीच्या अलीकडे ऐकू आलं. बाकीच्या रांगेला पुढे घेत त्यांनी अश्विनीला बाजूला उभं केलं. रांगेतली सगळी मुलं तिच्या गालाकडे बघत होती. मी दोरीखालून आत शिरायला गेलो. हवालदारानं छातीवर हात ठेवून थांबवलं.

"अहो, मी फोटोग्राफर आहे."

"इथं लग्न नाही. मागे व्हा."

"तिचा फोटो मी काढलाय. चूक माझी आहे. आत कोणालातरी सांगा."

त्यानं माझ्याकडे, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि आत निरोप दिला. केंद्रप्रमुख बाहेर आल्या. चष्मा डोक्यावर, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी पत्र दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं.

"दुकान कुठं तुमचं?"

"कसबा पेठेत."

"एवढ्या लांब गुन्हा कबूल करायला आलात?"

"हो मॅडम."

"मूळ फोटो दाखवा."

मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो काढून दाखवला. खाली तारीख होती. त्यांनी तो मोठा करून बघितला, मग अश्विनीला जवळ बोलावलं. "फोटो बदललाय हे तुला माहीत होतं?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. म्हणावं असं मी मनातल्या मनात तिला सांगत होतो. माहीत होतं म्हणाली तर तीही यात आली.

"हो मॅडम," अश्विनी म्हणाली. "आवडला होता, म्हणून बोलले नाही."

केंद्रप्रमुख तिच्याकडे बघत राहिल्या. आत घंटा झाली. पेपर सुरू झाला होता.

"अर्ज करताना हे सुचलं नाही का? आणि तुम्ही, एवढे वयानं मोठे, तुम्हाला?" एवढं बोलून त्यांनी फोन लावला. बाजूला जाऊन बराच वेळ कोणाशी तरी बोलल्या. आम्ही दोघं उभे होतो. अश्विनी गेटपलीकडच्या रिकाम्या व्हरांड्याकडे बघत होती. आतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर वेळ पुढे सरकत होता आणि ती अजून गेटवरच होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

बाई परत आल्या. "तात्पुरतं बसू देतो. नवा फोटो इथं काढतील, अंगठा घेतील. ओळख पटली नाही तर पेपर रद्द. आणि तुम्ही," माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हे कार्ड जमा करा. बोलावलं की यायचं. आला नाहीत तर आम्ही येऊ."

अश्विनी पळत आत गेली.

मला नंतर एकदा बोलावणं आलं. एका कार्यालयात दोन अधिकाऱ्यांसमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं. लेखी ताकीद मिळाली. पुन्हा असं घडलं तर पोलिसांकडे जाईल, असंही बजावलं. अश्विनीची ओळख ग्राह्य धरली, पेपर रद्द झाला नाही. मी टिक तर त्या शुक्रवारीच काढली होती. त्या काळात फॉर्मचे फोटो नेलेल्या सगळ्यांना आम्ही फोन केले. बहुतेकांचे डाग-मुरुम तेवढे गेले होते, तरी नवे फोटो काढून दिले. काहीजण चिडले, ते बरोबरच होतं. एक मुलगी म्हणाली, "काका, फॉर्मला नवा लावते, पण जुना डिलीट नका ना करू."

निकाल लागला तेव्हा अश्विनीचा फोन आला. यादीत नाव नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "गेटवर वेळ गेला म्हणून नाही जी काका. माझी गणितंच चुकली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ती गावी परत जात होती. तिथं एका शाळेत तात्पुरती शिकवायला जाणार होती. फोन ठेवल्यावर सुनंदानं विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "खरं असेल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "नसेलही." ती मुलगी माझ्याबद्दल आधीही एकदा चांगलंच धरून चालली होती आणि तेव्हा ती चुकली होती. म्हणून गणितांचं ते वाक्य मी धड मानत नाही आणि टाकूनही देता येत नाही.

फोटो एडिटिंग नव्यानं शिकू पाहणारी माणसं मला अजूनही विचारतात की सोपं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं. नाव मी सांगत नाही. एवढंच सांगतो की कुठलंही घ्या, पण आधी त्यात स्वतःचा फोटो टाका, ज्यातली प्रत्येक सुरकुती तुम्हाला पाठ आहे असा. कुठल्याही सेटिंगला हात न लावता बटण दाबा आणि कोण बाहेर येतं ते बघा. तो माणूस तुमच्यापेक्षा बरा दिसत असेल, तर घाबरा.